सभेचा आवाज: वॅट मोजू नका, शेवटची ओळ मोजा



जिल्हा बैठकीपुढे या वेळी एक साधा वाटणारा विषय आहे. प्रत्येक तालुक्याने सभेसाठी स्वतःचे लाऊडस्पीकर घ्यावेत की नाही, आणि घ्यायचे तर कोणते. कापसाचा भाव, पीकविमा, वीजबिल हे विषय सोडून भोंग्यांवर आणि बॉक्सवर पान कशाला खर्ची घालायचे, असे काहींना वाटेल. २०२२ च्या जुलैपर्यंत आम्हालाही तसेच वाटत होते.

त्या महिन्यात विदर्भात अतिवृष्टी झाली. वावरांत पाणी साचले, पऱ्हाटी पिवळी पडली. एका बाजारगावात आम्ही संध्याकाळी सभा घेतली. सांगायचे होते ते एवढेच: त्या वेळच्या पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला सूचना गेली पाहिजे. पंचनाम्याची वाट पाहत घरी बसू नका. भाड्याचे चार भोंगे होते. दोन व्यासपीठावर, दोन मागे कडुनिंबाला बांधलेले. आवाज शेजारच्या गावापर्यंत गेला. पुढच्या ओळींनी टाळ्या वाजवल्या. आम्ही खूश होऊन परतलो.

आठ दिवसांनी त्याच गावात गेलो तेव्हा कळले की मागे बसलेल्यांपैकी बरेच जण पंचनाम्याची वाट पाहत घरीच बसले होते. ‘पंचनामा’ एवढा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचला होता. ‘वाट पाहू नका’ आणि ‘बहात्तर तास’ हे दोन्ही गोंगाटात बुडाले. एक म्हातारी आम्हाला म्हणाली, “भाऊ, आवाज तं लय मोठा होता, पन तुमी काय बोलले थे काई समजलं नाई.” मुदत टळून गेली होती. त्या घरांचे नुकसान आभाळाने केले, हे खरे. पण भरपाईचा दरवाजा बंद झाला त्यात आमचाही हात होता. भोंगे कोणाचे होते हा प्रश्न नाही. कोणते भोंगे, कुठे बांधायचे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे पहिल्यांदाच सांगून टाकतो. सभेचा लाऊडस्पीकर वॅट पाहून घ्यायचा नसतो आणि आवाजाचा दणका पाहूनही घ्यायचा नसतो. शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला प्रत्येक आकडा समजला पाहिजे, ही एकच कसोटी. ती धरली तर खर्च वाढत नाही, उलट कमी होतो.

पिशवीवरचे उत्पन्न आणि बॉक्सवरचे वॅट

बियाण्याच्या पिशवीवर छापलेले उत्पन्न आणि कोरडवाहू वावरात हाती येणारे उत्पन्न यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. बॉक्सवर छापलेल्या वॅटचेही तसेच आहे. चाके लावलेला, रंगीत दिवे लुकलुकणारा एखादा स्पीकर दुकानात असतो आणि त्यावर लिहिलेले असते ‘१०,००० वॅट’. आता हिशेब करा. पाच एचपीचा पंप साधारण ३,७३० वॅटचा. म्हणजे हा डबा तेरा एचपीच्या पंपापेक्षा मोठा झाला! आणि त्याची वायर जाते घरातल्या पाच अँपिअरच्या प्लगमध्ये. पाच अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ११५० वॅट. त्यापेक्षा जास्त त्या प्लगमधून सतत येऊच शकत नाही. मग बाकीचे वॅट आले कुठून? छापखान्यातून.

छापलेल्या आकड्यांत ‘पीएमपीओ’ किंवा ‘पीक’ असे लिहिले असेल तर तो आकडा सोडून द्या. ‘आरएमएस’ किंवा ‘कंटिन्युअस’ असे लिहिलेला आकडा विचारा. तो सतत पेलण्याचा आकडा. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

पण आरएमएस वॅटच्याही मागे लागण्याचे कारण नाही. खताची मात्रा दुप्पट केली म्हणून पीक दुप्पट येत नाही, हे शेतीशास्त्रात पहिल्या वर्षी शिकवतात. आवाजाचा कायदा त्याहून कडक आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे १०० वॅटच्या जागी १,००० वॅट.

दुसरा कायदा अंतराचा. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर १०० डेसिबल असेल तर २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ वर ८२, १६ वर ७६ आणि ३२ मीटरवर ७०.

यावरून आपली गरज किती ते काढू. एक माणूस एक चौरस मीटर जागा धरली तर पाचशे माणसांची सभा पाच गुंठ्यांत मावते. सतरा मीटर रुंद, तीस मीटर खोल. चांगल्या बॉक्सच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, हे तो सांगतो. समजा तो ९५ आहे. तीस मीटरवर जाईपर्यंत त्यातले जवळजवळ ३० डेसिबल जातात आणि उरतात ६५. सभेची कुजबुज, पोरांची रडारड, रस्त्यावरचे ट्रॅक्टर मिळून मैदानात ६० डेसिबल धरा. शब्द स्वच्छ समजायला त्याच्या वर १५ डेसिबल तरी हवेत, म्हणजे ७५. ६५ वरून ७५ वर जायला किती वॅट? दहा. फक्त दहा! वक्ता मध्येच आवाज चढवतो, त्यासाठी आणखी दहापट धरा. झाले शंभर. पाचशे माणसांच्या सभेला खरे दीडशे-दोनशे वॅट पेलणारे दोन बॉक्स पुरून उरतात.

आणि सेन्सिटिव्हिटी ९५ ऐवजी ८९ असेल तर? ६ डेसिबल भरून काढायला वॅट चौपट लागतात. मोठे मशीन, मोठा जनरेटर, जास्त डिझेल. वॅटचा आकडा दारावर रंगवलेला असतो आणि सेन्सिटिव्हिटीचा आकडा पत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. आपण कोपऱ्यातला वाचायचा.

भोंगा, डीजेची भिंत की बॉक्स

भोंग्याला आम्ही नावे ठेवत नाही. एका वॅटवर एक मीटरवर १०५ ते ११० डेसिबल काढण्याची त्याची ताकद आहे. पावसात भिजतो, बॅटरीवर चालतो. जीपवर बांधून गावोगाव दवंडी द्यायला त्याच्यासारखे साधन नाही. दोन भोंगे तालुक्यात असावेतच. पण भोंगा आवाजाचा खालचा भाग गाळतो, वरचा शेवट तोडतो आणि मधला कर्कश करतो. तासभर ऐकून डोके उठते. शाहिराचा डफ तर त्यातून पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो.

डीजेची भिंत ही दुसरी टोकाची गोष्ट. पंधरा आणि अठरा इंची कोन असलेले ढोल छातीत धडधड करायला बनवलेले असतात. माणसाच्या बोलण्याला शंभर हर्ट्झच्या खालचे काहीच लागत नाही. ‘क’, ‘त’, ‘स’, ‘श’ ही व्यंजने ज्या उंच पट्टीत असतात तिथेच शब्दाचा अर्थ राहतो. भाड्याच्या सामानात उंच पट्टीचा ड्रायव्हर बरेचदा जळालेला असतो, कारण लग्नसराईत मशीनचा लाल दिवा लागलेला असतानाही ते पिळलेले असते. आवाज भरपूर येतो, पण सगळी वाक्ये गोधडीखालून आल्यासारखी येतात.

आमची शिफारस बारा इंची कोन आणि वर छोटा हॉर्न असलेल्या दोन बॉक्सची आहे. खालच्या कोनातून स्वर येतात, वरच्या हॉर्नमधून व्यंजने. पंधरा इंची घेण्याचा मोह होतो. पण कोन मोठा झाला की बोलण्याच्या वरच्या पट्टीत तो समोरच आवाज फेकतो, कडेला बसलेल्यांना तो बोदा लागतो. शिवाय वजन वाढते. बारा इंची बॉक्स मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस मांडीवर घेऊन जाऊ शकतो. भाषणाला, भजनाला, शाहिराच्या चार साथीदारांना तो पुरतो.

बॉक्सच्या आतच मशीन असलेले, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ घ्यावेत की मशीन वेगळे ठेवावे? शहरातले जाणकार ॲक्टिव्ह सुचवतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. मशीन आणि कोन एकमेकांशी जुळवलेले येतात, जळण्याची भीती कमी. पण आपल्याकडे ऐन सभेत वीज जाते. वेगळे मशीन घेतले तर एसी आणि १२ व्होल्टची बॅटरी अशा दोन्हीवर चालणारे मिळते आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सभा पुरी होते. बिघडले तर मशीन एकटे तालुक्याला नेता येते. कोन फाटला तर तो बदलून देणारा कारागीर जिल्ह्याच्या गावी असतो. म्हणून कोरडवाहू भागासाठी आमचा कौल वेगळ्या मशीनला आहे. मशीनचे वॅट बॉक्सच्या आरएमएसइतके किंवा थोडे जास्त असावेत आणि लाल दिवा लागला की आवाज खाली आणायचा. आठ ओहमचे दोन बॉक्स जोडीने लावले की मशीनवर चार ओहमचा भार पडतो. मशीन तो पेलते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

खरेदीपूर्वीची प्रात्यक्षिक चाचणी

नवा वाण घेताना आपण शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पाहतो, तसेच बॉक्सचे करा. दुकानातल्या बंद खोलीत कोणताही बॉक्स दणदणीत वाजतो. भिंती आवाज परत फेकतात. दुकानदाराला सांगा, सामान मैदानात आणा. येत नसेल तर एक दिवस भाड्याने घ्या. तीस मीटर मोजा. तिथे एक म्हातारा माणूस, एक बाई आणि एक शाळकरी पोरगा बसवा. एक जण मधोमध, दोघे दोन कडांना. माइकवरून वीस आकडे वाचा, आणि आपल्या मराठीत फसवणारेच वाचा: बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, एकोणसाठ, एकोणसत्तर, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सात हजार एकशे एकवीस. बसलेल्यांनी पाटीवर लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने पोराच्या कानात सांगायचे. बाईच्या आवाजात वाचा आणि पुरुषाच्याही. वीसपैकी अठरा आकडे तिघांनाही बरोबर आले तर बॉक्स घ्या. एकालाच आले आणि कडेच्यांना आले नाहीत तर बॉक्स आवाज पसरवत नाही, तो नको. संगीत लावून चाचणी घेऊ नका. गाणे आधीच पाठ असते, म्हणून ते समजल्यासारखे वाटते.

जुने सामान घेत असाल तर मशीन बंद ठेवून दोन्ही हातांनी कोन हळूच, सरळ आत दाबा. आत खरखर घासण्याचा आवाज आला किंवा जळका वास आला तर गुंडाळी गेलेली आहे.

उंची, कडा आणि कडुनिंब

चांगले बॉक्स वाईट जागी ठेवले तर पैसा पाण्यात. जमिनीवर ठेवलेल्या बॉक्सपासून पहिली ओळ दीड मीटरवर असते आणि शेवटची तीस मीटरवर. अंतर वीसपट, आवाजात २६ डेसिबलचा फरक. पुढचा कानावर हात ठेवतो, मागचा कानामागे हात धरतो. बॉक्स स्टँडवर तीन मीटर उंच चढवून पहिली ओळ तीन मीटर मागे घेतली तर अंतर आठपट होते आणि फरक १८ डेसिबलवर येतो. शिवाय आवाज पुढच्यांच्या डोक्यांवरून मागे जातो. म्हणून बॉक्सच्या तळाला स्टँडच्या नळीचे भोक आहे ना ते पाहा. स्टँडचा खर्च वायफळ समजू नका. स्टँडचे पाय दगडाने किंवा वाळूच्या पोत्याने दाबून ठेवा, खाली पोरे खेळत असतात.

कडुनिंबावरच्या भोंग्यांची चूकही समजून घ्या. वीज तारेतून क्षणात पोचते, आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. आभाळात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसेच हे. व्यासपीठापासून ५० मीटरवर भोंगा बांधला तर तिथे बसलेल्याला शब्द एकदा जवळच्या भोंग्यातून ऐकू येतो आणि सेकंदाच्या सातव्या भागानंतर पुन्हा व्यासपीठाकडून. तेवढ्यात बोलणारा पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. ‘बहात्तर तास’ असाच बुडाला. पाचशे माणसांना दोनच बॉक्स, दोन्ही व्यासपीठाकडे, माइकच्या पुढे. माइक बॉक्सच्या मागे राहिला की शिट्टी वाजत नाही. माइक तोंडापासून चार बोटांवर धरायला वक्त्यांनी शिकावे. पुढाऱ्यांनी आधी.

वायर बारीक घेऊ नका. एक चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ५० मीटर ओढली तर आठ ओहमच्या बॉक्सला मिळणाऱ्या वीजशक्तीतला सहावा हिस्सा तारेतच जातो. डीपीच्या शेवटच्या टोकाच्या पंपाची गत आपण जाणतोच. आणि शक्य असेल तर सभा भर दुपारी घेऊ नका. तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, संध्याकाळी तो जमिनीलगत चालतो.

आता कडांविषयी. आपल्या सभांत बायामाणसे कडेला बसतात. बहुतेक वेळा बॉक्सच्या तोंडाच्या बाहेर. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. तरी गावातल्या सभेत त्यांची जागा अजून तीच. मग ठराव मांडला जातो, हात वर होतात, त्यांचेही होतात. जे ऐकू आले नाही त्याला दिलेली संमती ही संमती नव्हे. बॉक्सच्या पत्रकात ‘९० अंश’ असे काही लिहिलेले असते, तेवढ्या फाकीतच शब्द स्वच्छ पोचतो. एक तर बॉक्स वळवा, नाही तर बसायची जागा बदला. बायांना मधोमध जागा देणे याला काही खर्च येत नाही.

पैसा आणि मालकी

आमच्या अंदाजाप्रमाणे एका तालुक्याला चाळीस हजारांत देशी बनावटीचे सामान बसवता येते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने पाच क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतकऱ्याला पाच क्विंटल कापूस काय असतो ते आम्ही जाणतो, म्हणून एकाही रुपयाचा दणका घेऊ नये. वाटणी अशी करावी: निम्मे पैसे दोन बॉक्सना, पाव हिस्सा मशीनला आणि उरलेल्या पावात दोन माइक, दोन स्टँड, वायर आणि ताडपत्रीच्या खोळी. दिवे, ब्लूटूथ, रिमोट यांना शून्य.

काही मित्र विचारतात की भाड्याने मिळते ते विकत कशाला? हिशेब भाड्याचा आहेच, पण तेवढाच नाही. ठरवलेले सामान ऐन सभेच्या सकाळी एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला गेले, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. ज्याच्या हातात माइकची वायर त्याच्या हातात सभा. माल आपला असून भाव दुसऱ्याने ठरवायचा, हे आपण बाजारात सोसतो. सभा आपली असून आवाज दुसऱ्याचा, हे तरी सोसू नये.

मालकीबरोबर जबाबदारीही येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरले जाते. नियम नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. ज्याला सभेला यायचे नाही त्याच्या कानात शिरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बैठकीपुढे आमची सूचना अशी. प्रत्येक तालुक्याने पुढच्या सभेआधी वीस आकड्यांची चाचणी घ्यावी, मग सामान भाड्याचे असो की स्वतःचे. तिचा निकाल, किती अंतरावर किती आकडे बरोबर आले, जिल्ह्याला कळवावा. खरेदी त्यानंतर. सामान सांभाळायला तालुक्यातली एक पोरगी आणि एक पोरगा तयार करावा. त्यांना जोडणी, दुरुस्ती आणि चाचणी शिकवू. आणि प्रत्येक सभेत मुख्य मुद्दा सांगून झाला की वक्त्याने थांबावे, शेवटच्या ओळीतल्या एकाला उभे करावे आणि काय समजले ते त्याच्या तोंडून ऐकावे.

त्या म्हातारीच्या गावात आम्ही आता असेच करतो. पहिल्या वेळी उठून बोलायला सांगितले ते तिलाच.